दुसऱ्या बाजूनं पटर धरताना

हे सगळं मी डाव्या हातानं लिहिलं आहे. साठ वर्षं जो हात फक्त पेला धरायला आणि पाठ खाजवायला होता, त्याच्याकडून एवढं काम करून घेणं सोपं नाही. एक पान लिहायला सकाळ जाते. म्हणून थोडक्यात आटपायचं ठरवलं होतं, पण विजया म्हणते तसं, स्वभावाला औषध नाही.

विजया म्हणजे माझी बायको. मी प्रल्हाद, मूळचा असोद्याचा. जळगावजवळच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं टर्नर होतो, लेथवर लोखंड कातायचं काम. मागच्या वर्षी मार्गशीर्षात मला लकवा मारला. उजवी बाजू गेली. त्यातली थोडी परत आली, थोडी नाही आली.

धुळ्यात मला व्यायाम शिकवणारी रेशमा नावाची पोरगी आहे, यावलची. तीच म्हणाली, "काका, लिहून काढा. माझे पेशंट माझ्या वयाकडे बघतात आणि ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील." तर ऐका. यात औषधांची नावं सापडणार नाहीत, ती डॉक्टर सांगतील. माझ्या हातून काय चुकलं तेवढं मी सांगणार आहे, आणि ते सांगायचं तर आधी गोल्फ सांगावा लागतो. असोद्याचा माणूस आणि गोल्फ, म्हणून माझा सख्खा साडू हसला होता. तुम्हीही हसून घ्या, मग पुढे जाऊ.

जळकं तेल

आमच्या कारखान्याची कॉलनी माळावर होती. कोण्या जुन्या साहेबानं तिथं सहा भोकांचं गोल्फचं मैदान करून घेतलं होतं. गोल्फ म्हटलं की लोकांना टीव्हीतली हिरवळ दिसते. आमच्याकडे मे महिन्यात प्यायचं पाणी टँकरनं यायचं, तिथं हिरवळीला कोण पाणी घालतो! म्हणून भोकाभोवती गवत नव्हतंच. बारीक वाळू चाळायची, तिच्यात मशीनचं जळकं तेल मिसळायचं आणि पसरून, दाबून सपाट करायची. त्या तपकिरी गोल जागेला ब्राऊन म्हणायचे. तिच्यावरून चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा, ते पटिंग. ज्या काठीनं ढकलायचा, तो पटर. याच्यापुढचा गोल्फ तुम्हाला कळायची गरज नाही. मलाही फारसा कळलेला नाही.

ब्राऊन करणं हे नानांचं काम. नाना कॉलनीचे हेडमाळी, साक्रीकडचे, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. अहिराणीशिवाय दुसरं बोलायचे नाहीत, साहेबाशीसुद्धा नाही. साहेब बिचारे मान हलवून निघून जायचे. वाळू नानांची, पण तेल माझ्या मशीन-शॉपमधून जायचं. दर शनिवारी सुट्टी झाली की जळक्या तेलाचा डबा सायकलला अडकवून मी मैदानावर न्यायचो. पँटला डाग पडायचे, विजया बोलायची. एक दिवस नानांनी साहेबानं टाकून दिलेला एक पटर माझ्या हातात दिला. म्हणाले, "तेल तुन्हं शे, मंग खेळ बी तुन्हाच शे." तेल तुझं, मग खेळही तुझाच.

तेव्हापासून सव्वीस वर्षं. साहेब लोक बदलून गेले, नव्या साहेबांना शटलचं वेड, मैदानावर बाभळी उगवल्या. पाच भोकं बुजली. सहावं ब्राऊन तेवढं आम्ही दोघांनी जिवंत ठेवलं. रविवारी सकाळी सातला नाना पोत्याचा तुकडा फिरवून वाळू सारखी करायचे, तोवर मी थर्मासमधला चहा ओतायचो. मग खेळ. मी पटर धरून उभा राहिलो की नाना माझ्यासमोर चार पावलांवर हात पाठीमागे बांधून उभे. चेंडूकडे बघायला मान खाली घातली तरी त्यांचे कॅनव्हासचे बूट मला दिसायचे. अजून डोळे मिटले की ते बूट दिसतात, अंगठ्याजवळ फाटलेले.

साहेबांच्या खेळात चेंडू भोकाला लागून थांबला की समोरचा म्हणायचा, राहू द्या, झालाच समजा. नानांना ते पटायचं नाही. चेंडू बोटभर अंतरावर असला तरी ते म्हणायचे, "अजून पडना नही." मग वाकून तो टाकावाच लागायचा. सव्वीस वर्षांत त्यांनी मला एक चेंडू सोडला नाही आणि मीही त्यांना सोडला नाही. पैशाची पैज कधी लावली नाही. एकच पैज होती, वर्षातून एकदा, भरताची.

चातुर्मासात आमच्याकडे वांगं घरात येत नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला भरताचा नैवेद्य दाखवला की मोकळं. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी असोद्याच्या आमच्या मळ्यात भरीत पार्टी. तीसेक माणसं तर सहज. वांगी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची आणि लाकडी डोणीत हिरव्या मिरच्यांसकट मुसळानं कुटायची. बाया ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी टाकतात, कुटायचं काम पुरुषांचं. सकाळी ब्राऊनवर जो हरेल, त्यानं दुपारी एकट्यानं कुटायचं, ही आमची पैज. त्या दिवशी खांद्यातून कळ निघायची, आणि ती कळ मिरवायला मजा यायची.

तो रविवार

मागच्या वर्षीच्या त्या रविवारी माझा चेंडू भोकापासून हातभर होता. आंधळ्यानंही टाकावा असा. मी पटर मागे नेला आणि उजवी बोटं एकदम परकी झाली. मुंग्या नाहीत, कळ नाही, काहीच नाही. पटर हातातून निसटला आणि वाळूवर पडला. चेंडू कसाबसा सरकून तिरका गेला. मी डाव्या हातानं पटर उचलला, चार वेळा बोटं उघडझाप केली, मिनिटभरात सगळं पूर्ववत. वर बघितलं तर नाना चेंडूकडे बघत होते. मी म्हटलं, "घाम आला हाताला." डिसेंबरच्या सकाळी.

मी हरलो. आणि पटर निसटल्याचं कुणालाच सांगितलं नाही. का नाही सांगितलं? लाज. सत्तरीचे नाना ठणठणीत आणि आपण साठीत काठी पाडतो, ही लाज. दुसरं म्हणजे, सांगितलं असतं तर विजयानं तिथूनच दवाखान्यात नेलं असतं आणि तीस माणसांची पार्टी मोडली असती. इतकं साधं कारण. माझ्या आयुष्याची उजवी बाजू मी वांग्यांपायी घालवली, असं म्हटलं तरी चालेल.

दुपारी मी भरीत कुटलं. अर्ध्यात हात जड झाला. मुसळ उचलेना. सगळे हसले, मीही हसलो. नानांनी माझ्या हातातून मुसळ घेतलं आणि म्हणाले, "कुटीकुटीसन हात भरी उना. रातले उतरी जाई." सगळ्यांना पटलं. दरवर्षी कुणाचा तरी हात भरून येतोच. संध्याकाळी घरी विजयानं तिळाचं तेल कोमट करून हात चोळून दिला आणि मला झोपवलं. सकाळी उठलो तर उठताच येईना. विजयानं माझं तोंड बघितलं आणि तिच्या हातातला तांब्या खाली पडला.

"कधी सुरू झालं?"

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला. विजया म्हणाली, "आज सकाळी." मग म्हणाली, "काल दुपारी हात जड झाला होता, पण ते भरीत कुटलं म्हणून." डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पहिल्या काही तासांत आणलं असतं तर एक इंजेक्शन देता आलं असतं. आता जे आहे त्यावर काम करू." ते वाक्य मी कॉटवरून ऐकलं. मला ऐकू सगळं येत होतं, बोलता काही येत नव्हतं.

चार दिवस माझ्या तोंडून एकच शब्द निघत होता, "तेल". पाणी पाहिजे, तेल. लघवीला जायचंय, तेल. विजयाला हाक मारायची, तेल. तिचं नाव मला आतून माहीत होतं आणि बाहेर येत नव्हतं. त्या चार दिवसांएवढी भीती मला पुढेही कधी वाटली नाही. हातपाय गेले ते गेले, पण चाळीस वर्षांच्या बायकोला माणूस तेल म्हणतो म्हणजे काय! पाचव्या दिवशी दुपारी मी "विजे" म्हणालो. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मग वळून म्हणाली, "एवढ्या लवकर कशाला आठवलं? शांत होते मी."

दवाखान्याचा दिवस पहाटे चादर बदलण्यापासून सुरू व्हायचा. मग रक्त, मग गोळ्या, मग मऊ भात. छताच्या पंख्याला मोजायला तीनच पाती होती, तीही मोजून झाली. वॉर्डातल्या मावशींनी एकदा न सांगता माझी दाढी करून दिली आणि आरसा न देता गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "झाले नवरदेव." मी लहान पोरासारखा रडलो. या आजारात रडू फार लवकर येतं. घरच्यांनी घाबरायचं नाही, आणि आपण लाजायचं नाही.

आठव्या दिवशी नाना आले. दारात उभे राहिले, केळीची फणी हातात. माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. आत आलेच नाहीत. फणी दाराशेजारच्या स्टुलावर ठेवली आणि गेले. विजया तोंड फिरवून बसली होती. ते गेल्यावर म्हणाली, "यांनीच सांगितलं उतरून जाईल म्हणून. मी ऐकलं नसतं तर आज तुम्ही धड असता."

तेव्हा मला बोलता येत होतं. तुटक का होईना, येत होतं. विजे, त्यांचा दोष नाही, सकाळीच माझा हात गेला होता, एवढं मी म्हणू शकलो असतो. नाही म्हणालो. दोष नानांच्या डोक्यावर बसला होता आणि तो तिथं बसलेला मला बरा वाटला. आजारी माणूस बिचारा असतो, तो लबाडही असू शकतो हे कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो आहे.

पुढच्या महिन्यात कळलं, नाना कॉलनी सोडून साक्रीला मुलाकडे गेले. फोन लावला तर उचलायचे नाहीत.

राहू द्या

मुलगी मनीषा धुळ्याला असते, शाळेत शिक्षिका आहे. तिनं आम्हा दोघांना तिच्याकडे नेलं. मनीषाच्या घरात सगळ्याला वेळापत्रक. व्यायाम अमुक वाजता, झोप तमुक वाजता. विजयाला ते जाचायचं, आणि मनीषाला विजयाचं सारखं पुढे पुढे करणं जाचायचं. दोघींची भांडणं माझ्या ताटावरून व्हायची. विजया मला भरवायची, मनीषा म्हणायची, "आई, त्यांना स्वतः खाऊ दे." विजया म्हणायची, "डाव्या हातानं? माझ्या डोळ्यादेखत?" मी मध्ये तोंड उघडून बसलेला. घास कुणाकडून यायचा तेच ठरेना.

एकदा शेजारीण सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आली. मी हात पुढे केला, डावा. तिची वाटी अर्ध्यात थांबली. मग तिनं प्रसाद विजयाच्या हातावर ठेवला आणि मला म्हणाली, "राहू द्या भाऊ, वहिनी देतील." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या वर्षात मी सगळ्यात जास्त ऐकलेला शब्द तो. चप्पल घालायला वाकलो, राहू द्या. पाण्याचा तांब्या उचलला, राहू द्या. जावई तर मी टीव्हीचं बटण दाबायला उठलो तरी म्हणायचा. प्रेमानंच म्हणायचे सगळे. त्या प्रेमानं मी दिवसेंदिवस लहान होत चाललो होतो.

विजयात एक फरक पडला होता आणि तो मला उशिरा दिसला. रेशमानं हाताला तेल लावून चोळायला सांगितलं तर विजया ते काम मनीषावर ढकलायची. तेलाच्या बाटलीला हात लावायची नाही. आणि भाजीत वांगं आणायची नाही. मी समजत होतो, नानांचा राग आहे.

आडवा पेला

रेशमानं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "काका, हात कशासाठी हवाय?" बाकीचे पेशंट म्हणतात जेवायला, सहीला, जपमाळेला. मी म्हणालो, "पटिंगला." तिला वाटलं माझी जीभ पुन्हा घसरली. मग मी सगळं सांगितलं, वाळू, तेल, सहावं ब्राऊन. ती म्हणाली, "मग दुसऱ्या बाजूनं खेळा ना. उजवा हात नुसता आधाराला ठेवा, काम डाव्याला द्या." मी म्हटलं, "डावा हात उष्ट्या-खरकट्याच्याही कामाचा नाही, त्याला काय येणार?" ती म्हणाली, "तो नवीन कामाला लागलाय काका. नवीन माणसाला तुम्ही शॉपमध्ये शिव्या देत होता का?" देत होतो. पण तिला नाही म्हटलं.

मनीषा असोद्याहून माझा पटर घेऊन आली. गच्चीवर स्टीलचा पेला आडवा ठेवायचा आणि चेंडू त्यात घालायचा. जो उभा जन्म एका बाजूनं खेळला, त्यानं दुसऱ्या बाजूला उभं राहणं म्हणजे आपल्याच घरात मागच्या दारानं शिरणं. सगळं ओळखीचं आणि सगळं चुकीच्या जागी. पेला सरळ समोर असूनही डोळ्यांना डावीकडे सरकलेला दिसायचा. उजवा पाय आता पुढे, आणि तोच ओढत चालणारा. त्यात माझा पटर उजव्या हाताचा. त्याचं तोंड एका बाजूला सपाट, दुसऱ्या बाजूला गोलसर. डावीकडून मारायचा तर पाठीनं मारावं लागायचं, आणि चेंडू मनाला येईल तिकडे जायचा. एकदा गटारीच्या भोकात गेला, तेवढा एक पडला.

तरी मी रोज गच्चीवर जायचो. कुणी राहू द्या म्हणू नये म्हणून दार आतून ओढून घ्यायचो. चेंडूवर मान खाली घातली की समोर बूट नसायचे. तेव्हा मला कळलं, मला हात परत नको होता. म्हणजे हवा होताच, पण त्याहून जास्त नाना परत हवे होते. आणि ते येणार नव्हते, कारण मी त्यांना खोटं ओझं देऊन ठेवलं होतं.

वांगं

या वर्षी चंपाषष्ठी आली आणि गेली. मनीषाच्या घरात भरीत झालं नाही. खंडोबाला नुसता पेढा. मी विजयाला विचारलं, "वांगं का नाही?" ती म्हणाली, "नको मेलं ते नाव."

मग मी सांगितलं. गच्चीच्या पायरीवर बसून, भर उन्हात. पटर निसटला, घामाचं खोटं बोललो, दवाखान्यात गप्प राहिलो, नानांवर दोष जाऊ दिला, सगळं. मला वाटलं आता भडकेल. भडकली असती तर बरं झालं असतं. ती आपल्या हातांकडे बघत म्हणाली, "आणि मी तेल चोळत बसले. तुमचा हात गार लागत होता मला. गार लागत होता, आणि तरी मी म्हटलं, झोपा." वर्षभर ती हे गिळून बसली होती. नानांना बोल लावत होती तो स्वतःवरचा राग.

मग पदरानं डोळे पुसून तीच म्हणाली, "उठा. साक्रीची गाडी किती वाजता असते?"

साक्री

एसटीत कंडक्टरनं पुढची सीट दिली आणि काठी समजून माझा पटर नीट कोपऱ्यात उभा केला. साक्रीला उतरून रिक्षानं नानांच्या मुलाच्या मळ्यात गेलो. आधी कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर नाना घरात सापडले नसते.

ते खळ्यात होते, पाठमोरे. खळ्याच्या एका कोपऱ्यात काळपट गोल सपाट जागा होती. मी वासावरून ओळखलं. ट्रॅक्टरचं जळकं तेल होतं, आमच्या शॉपचं नव्हे, पण तेल ते तेल. मधोमध दूध पावडरचा डबा पुरलेला. आणि नाना पटर धरून उभे होते, उलट्या बाजूनं. डावा हात खाली, डावखुऱ्या माणसासारखे. एकाहत्तर वर्षांचा धडधाकट उजव्या हाताचा माणूस. चेंडू मारला, तो डब्याच्या कुठल्या कुठे गेला. त्यांनी स्वतःलाच एक शिवी दिली आणि वळले.

आम्हाला बघून जागीच थांबले. विजया पुढे झाली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "नाना, मी तुम्हाला फार बोलले. चुकलं माझं." "चहा लेशी ना, बेटी?" नाना एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, "नाना, हे काय चाललंय?"

ते म्हणाले, "डावा हाते कसं जमस, ते देखू म्हणीसन. माले येई तं तुले शिकाडता येई." मला जमलं तर तुला शिकवता येईल. मार्चपासून रोज करत होते म्हणे. सुनेला वाटत होतं म्हातारा बिघडला. आणि मग त्यांनी कोनाड्यातून दुसरा एक पटर आणला. पितळेचं डोकं, दोन्ही बाजूंनी सपाट. धुळ्याच्या लेथवाल्याकडून कातून घेतलेलं. मी हात फिरवून बघितला. काम कच्चं होतं, कडा मारलेल्या नव्हत्या. मी केलं असतं तर असं नसतं केलं. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते आलंच.

"नाना," मी म्हणालो, "तुमच्या सांगण्यानं काही झालं नाही. माझा हात सकाळीच गेला होता, सहाव्यावर. मी लपवलं."

नाना ब्राऊनकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "मी देखं व्हतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पटर तुन्हा हातमाईन सटकना, मी देखं. घाम नव्हता, ते बी माले समजनं. पन मी जिकी ऱ्हायंतू, परल्हाद." मी जिंकत होतो. मागची चार वर्षं मीच भरीत कुटत होतो, एकदा तू कुटशील असं वाटलं, म्हणून बोललो नाही, असं त्यांनी सांगितलं. दवाखान्याच्या दारातून आत पाय टाकवला नाही तो त्यामुळे.

म्हणजे एक वर्षभर आम्ही दोघं त्याच एका हातभर जागेवर उभे होतो, ते साक्रीत आणि मी धुळ्यात. आणि तिसरी विजया, तेलाची बाटली घेऊन. कुणाचा दोष किती, ते आता वाटून घ्यायला आम्ही बसलो नाही. सुनेनं चहा आणला, तो प्यायलो.

मग नानांनी पोत्याचा तुकडा फिरवून वाळू सारखी केली. ते म्हणाले, "चाल." भरताची पैज ठरली. विजया बाजेवर बसली, न विचारता पंच झाली.

माझ्या पाळीला मी पितळेचा पटर घेऊन उलट्या बाजूनं उभा राहिलो. नाना सवयीनं आपल्या जुन्या जागी जाऊन उभे राहिले. पण मी आता दुसरीकडे तोंड करून होतो, ते माझ्या पाठीमागे पडले. मी मान खाली घातली. समोर नुसती मोकळी वाळू. मग पावलं वाजली. नाना डब्याच्या मागून वळसा घालून, चेंडूच्या वाटेवर पाय न देता, पलीकडे आले. माझ्या डोळ्यांपुढे कॅनव्हासचे बूट येऊन थांबले. नवे होते, पण अंगठ्याजवळ फाटायला लागले होते.

मी मारला. चेंडू सरळ गेला, अगदी सरळ, आणि डब्याच्या काठावर दोन बोटं अलीकडे थांबला. बाजेवरून विजया म्हणाली, "झालंच की हो ते. राहू द्या आता, थकले ते."

नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. चेंडूकडे बघितलं.

"अजून पडना नही," ते म्हणाले.

वर्षभरात मला इतकं बरं कशानं वाटलं नव्हतं. मी पाय ओढत गेलो, वाकलो, तोल सावरला, आणि चेंडू टाकला. त्यात नानांपेक्षा एक फटका जास्त झाला आणि मी हरलो.

जाता जाता रेशमाच्या पेशंटांसाठी. हात भरून आला, झोपेत अवघडलं, वारं लागलं, असं कुणीही सांगितलं तरी आणि स्वतःला सांगावंसं वाटलं तरी, बोटं परकी झाली की त्याच घटकेला दवाखाना गाठा. आणि बघितलं असेल तर बोला, जिंकत असलात तरी.

त्या दुपारी नानांच्या मळ्यातली वांगी पऱ्हाट्यांवर भाजली. डोण माझ्यापुढे आली. नाना लांब जाऊन बसले, मदतीला आले नाहीत. मी मुसळ डाव्या हातात धरलं, उजवा नुसता वर ठेवला. पाव तासाचं काम, मला तास लागला. विजयानं बोटानं थोडं भरीत चाटून बघितलं आणि म्हणाली, मीठ कमी आहे.